डिफॉल्ट कॉन्फिगमधल्या कॉमेंट्सनी तुम्हाला तारलं की मारलं?

चिंचोके
काल घरचा जुना डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर अपग्रेड करायला घेतला (फ्रिजच्या मागे असतो). मध्येच तो ओळखीचा प्रश्न आला: कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललीय, पॅकेजवाल्यांनीही बदललीय, कुठली ठेवू? डी दाबून फरक बघितला. पडदाभर ओळी, त्यात खऱ्या सेटिंगची एक. बाकी सगळ्या कॉमेंट्स (हॅश म्हणजे # ने सुरू होणाऱ्या, प्रोग्राम न वाचणाऱ्या ओळी), कुणीतरी इकडच्या तिकडे केलेल्या. आणि मधोमध माझ्याच हातची ओळ, २०१७ सालची: "# हे १ करू नकोस. परत."

का करू नकोस ते लिहिलेलं नाही. 'परत' म्हणजे एकदा करून झालं होतं. काय झालं होतं, देव जाणे.

काही जण म्हणतात डिफॉल्ट फाइलमध्येच सगळं समजावून सांगा, काही म्हणतात मग मॅन पेज (प्रोग्रामचं माहितीपत्रक) कशाला आहे. तुमचे अनुभव येऊ द्या.

खारीबिस्किट
स्क्विड (प्रॉक्सी, म्हणजे नेटचा मध्यस्थ सर्व्हर)!!! डेबियनवर ती कॉन्फिग फाइल ज्यांनी उघडलीय त्यांनाच कळेल. हजारो ओळी, त्यातल्या चालू ओळी बोटांवर मोजाव्यात. ग्रेपने (ओळी शोधायची कमांड) हॅशच्या ओळी गाळून बघायचं हे मी तिच्यामुळेच शिकलो.

पण शिव्या नाही देणार. २००५ च्या सुमारास कॉलेजच्या लॅबमध्ये नेट यायचं ते प्रॉक्सीतूनच. प्रॉक्सीच झोपली की गूगल कुठून आणणार? ती फाइल हेच पुस्तक. एसीएल (कुणाला काय उघडू द्यायचं याचे नियम) काय असतं ते मी उभ्या उभ्या तिच्यात वाचलंय, मागे पोरं "सर, नेट कधी येणार" करतायत.

माऊची_आई
मी नवशिकी असताना एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन यस' या ओळीला हॅश दिसला. म्हटलं बंद आहे, छान. सहा महिने निवांत. नंतर कळलं की तिथे हॅश म्हणजे "न सांगताही हेच चालू आहे". आणि ते फाइलच्या वरच लिहिलेलं असतं, डिफॉल्ट किंमती कॉमेंट करून ठेवल्यात म्हणून! कोण वाचतं?

मग हॅश काढून नो केलं. तरी पासवर्ड चालतोच!! कारण वर एक इन्क्लूडची ओळ, तिच्या फोल्डरात क्लाउड इनिटने (नवा सर्व्हर आपोआप सेट करणारा प्रोग्राम) ठेवलेली छोटी फाइल, तिच्यात यस. एसएसएचमध्ये आधी सापडेल ते खरं. शेवटी एसएसएचडी मोठा टी (खरोखर लागू सेटिंग्ज दाखवणारी कमांड) देऊन बघितलं तेव्हा

कुकर झाला, येते

अर्धवट_शहाणा
हॅश लावलेली ओळ म्हणजे आमचे सासरे. गप्प आहेत म्हणजे होकार, हे कळायला मलाही सहा महिने लागले.

पडवळ
हहपुवा

माझं पोस्टफिक्स (मेल सर्व्हर). रिलेहोस्टची (ज्या सर्व्हरमार्फत मेल बाहेर जाते त्याची) ओळ मीच कधीतरी हॅश-स्पेस लावून बंद केलेली. चालू करताना हॅश काढला, स्पेस राहिली. पोस्टफिक्समध्ये स्पेसने सुरू होणारी ओळ म्हणजे वरच्या ओळीचं शेपूट. एरर नाही, काही नाही. रिलेहोस्टच गायब, सर्व्हर थेट मेल पाठवायला गेला, पोर्ट २५ (मेलचं दार) बंद, रांग साचत राहिली. साहेबांनी सकाळी विचारलं, पगाराच्या स्लिपा कुठायत?

सांबावाले (विंडोजशी फाइली शेअर करणारा सर्व्हर) शहाणे. समजावणीला हॅश, चालू करता येण्यासारख्या ओळीला अर्धविराम. बघताक्षणी कळतं काय वाचायचं नि काय उघडायचं.

माऊची_आई
@पडवळ यॅमलमध्येही (सेटिंग लिहायची एक पद्धत) सेम. एक स्पेस राहिली की संपलं.

कंदीलवाला
दुसरी बाजू. मी एका छोट्या ओपन सोर्स टूलची देखभाल करतो (नाव नको, वापरणारे अकरा, त्यातले दोन माझे चुलतभाऊ). हौसेने प्रत्येक सेटिंगवर चार ओळी लिहिल्या. पुढे कोडमध्ये टाइमआउट ३० चा १० केला. कॉमेंटमध्ये ३० च राहिलं, दोन वर्षं. एकाने दोन रात्री घालवल्या त्यापायी. मी माफी मागितली, तर म्हणाला "तुमची कॉमेंट इतकी छान होती की शंकाच आली नाही". ते जास्त लागलं.

मग फाइल कापून वीत-दीड वीत केली. लगेच तक्रार: कसं वापरायचं? फाइलबीटवाल्यांचं (लॉग गोळा करणारं टूल) मला पटतं, रोजची फाइल छोटी आणि सगळं सांगणारी संदर्भ फाइल वेगळी. आता मी ती कोडमधूनच काढतो.

पण काही गोष्टी जवळच हव्यात. रेडिसच्या (डेटाबेस) फाइलीत सुरुवातीलाच सांगितलंय, १के म्हणजे १०००, १केबी म्हणजे १०२४. पोस्टग्रेसमध्ये (हाही डेटाबेस) ओळीच्या शेवटी 'रिस्टार्ट लागेल'. पोर्ट = ८०८० च्या वर '# पोर्ट' लिहिणाऱ्याला मात्र चहा देऊ नये.

सातारी_कंदी
रच्याकने, फ्रिजच्या मागे सर्व्हर तापत नाही का?

चिंचोके
तापतो. पाल असते तिथे, तिला आवडतं.

खारीबिस्किट
अवांतर: क्रॉनटॅबचा (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) ई आणि आर कीबोर्डवर शेजारी शेजारी. ई म्हणजे बदला, आर म्हणजे सगळं पुसा. विचारतही नाही. यावर वेगळा धागा काढावा काय?

पडवळ
काढू नकोस, जखम ताजी आहे

कंदीलवाला
@चिंचोके, ते १ वालं सेटिंग कुठलं पण?

चिंचोके
सिसकंट्रोलमधलं (कर्नलची सेटिंग्ज). आयपीव्ही६ फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्यांचा नेट ट्रॅफिक पुढे पाठवणं.

कंदीलवाला
अरे मग त्याच्या वरची कॉमेंट वाच की!

चिंचोके
वाचली. "हे चालू केलंत तर राउटरकडून आपोआप पत्ता घेणं बंद होईल" अशा अर्थाचं लिहिलंय. माझ्या ओळीच्या बरोब्बर वर. २०१७ मध्येही असणार तिथेच.

माऊची_आई
आले परत. काय काय झालं? कुणीतरी थोडक्यात सांगा, फोनवर सगळं वर जाऊन वाचायचा कंटाळा आलाय