मदत हवी आहे: युरोपसाठी कोणतं ई-सिम घ्यावं? (परवा निघतोय)

घाईघाईत
परवा रात्री निघतोय आणि अजून ई-सिमचं (कार्ड न घालता, कोड स्कॅन करून फोनमध्ये उतरणारं सिम) ठरत नाहीये. एअरालो, होलाफ्लाय, साइली, सगळ्या ई-सिम कंपन्यांची पानं उघडून बसले आहे. एकाकडे जीबीचा हिशेब, दुसऱ्याकडे दिवसांचा, तिसरीकडे ‘अमर्याद’ लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरांत चार अटी. कोणतं चांगलं ते एका वाक्यात सांगा. ‘तुमच्या गरजेवर अवलंबून आहे’ हे उत्तर कृपया नको, ते दहा ठिकाणी वाचून झालं.

मधली_सीट
कोणते देश, किती दिवस, कोणता फोन, किती माणसं?

घाईघाईत
युरोप. बारा दिवस. फोन चांगला आहे, नवाच आहे.

मधली_सीट
‘चांगला’ हे मॉडेल कुठल्या कंपनीचं? आणि युरोप म्हणजे नक्की कुठे कुठे, ते लिहा. उगाच विचारत नाहीये, त्यावरच सगळं आहे.

पायपीट
ई-सिम वगैरे सगळी चैन आहे. उतरल्यावर तिथल्या दुकानातून प्लॅस्टिकचं सिम घ्यायचं, विषय संपला. मी नेहमी तेच करतो. तेवढ्याच पैशांत डेटा जास्त मिळतो आणि वर तिथला नंबरही.

रात्रपाळी
@पायपीट, विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. जर्मनीत २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. इटलीतही पासपोर्ट दाखवावा लागतो. रात्री साडेअकराला विमान उतरलं, दुकान बंद, हॉटेलचा पत्ता ईमेलमध्ये आणि ईमेल उघडायला नेट नाही. हे मी भोगलंय. उतरल्यावर पहिला तासभर नेट मिळावं, एवढ्यासाठी तरी ई-सिम घ्यावं.

पायपीट
हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून न्यायचा. आम्ही कागद घेऊनच जग फिरलो.

घाईघाईत
कागद नको, ई-सिम सांगा. देश इटली आणि स्वित्झर्लंड, शेवटचे दोन दिवस ऑस्ट्रिया. फोन सॅमसंग एस २३. मी आणि आई.

मधली_सीट
हां, आता बोलता येईल. स्वित्झर्लंड युरोपात आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही. १५ जून २०१७ पासून युनियनमध्ये ‘घरच्याच दरात रोमिंग’ असा नियम आहे, त्यात नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनस्टाइन येतात, स्वित्झर्लंड येत नाही. म्हणून काही ‘युरोप’ पॅकमध्ये तो देश असतो, काहींत नसतो. नावावर जाऊ नका, देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पायपीट यांचं इटलीतलं सिमही सीमा ओलांडली की तिथे महाग पडू शकतं किंवा बंदच पडेल.

दुसरं, मुदत कधी सुरू होते ते बघा. काहींची फोनमध्ये टाकल्याबरोबर सुरू होते, काहींची तिथलं नेटवर्क पकडल्यावर. पहिल्या प्रकारचं आज टाकलंत तर दोन दिवस घरीच संपतील.

निवृत्त_प्रवासी
नमस्कार. इटलीत एल प्रकारचा प्लग लागतो आणि स्वित्झर्लंडमध्ये जे प्रकारचा. दोन पिनांचा सी प्रकारचा बारीक प्लग मात्र दोन्हीकडे बसतो. तीन पिनांचा चार्जर घेऊन गेलात तर पंचाईत होईल. शुभ प्रवास.

घाईघाईत
काका, धन्यवाद, पण मी सिमचं विचारलंय.

निवृत्त_प्रवासी
फोन चार्जच झाला नाही तर सिमचं काय करणार, म्हणून सांगितलं.

ढगात
‘अमर्याद’ घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. एक, रोज ठरावीक डेटा वापरल्यावर वेग किती कमी करतात. दोन, हॉटस्पॉट चालतो का. आईंना तुमच्या फोनवरून नेट देणार असाल तर दुसरी अट महत्त्वाची. नकाशाला फार डेटा लागत नाही, त्यातही शहरांचे नकाशे आधीच उतरवून घेतले तर जवळजवळ लागतच नाही. खातात ते व्हिडिओ कॉल, रील्स आणि रात्री गुपचूप चालणारा फोटोंचा बॅकअप. तो बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, मग दहा जीबीही संपता संपत नाहीत.

सिग्नलवेडा
कुणी सांगत नाही ते सांगतो. बहुतेक प्रवासी ई-सिम ही मुळात रोमिंगची सिम असतात, म्हणून त्या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं. लोक घाबरून सगळीकडे रोमिंग बंद करतात आणि मग कंपनीला शिव्या घालतात. बंद ठेवायचं ते घरच्या सिमचं डेटा रोमिंग. आयफोनवर ‘मोबाइल डेटा आपोआप बदलू द्या’ अशा अर्थाचं एक बटण असतं, तेही बंद करा, नाहीतर ई-सिमचा सिग्नल गेला की फोन बिनबोभाट घरच्या सिमवर उडी मारतो.

तुमचा डेटा कुठल्या तिसऱ्याच देशातून बाहेर पडू शकतो. माझं एक बँकेचं ॲप म्हणे तुम्ही पोलंडमध्ये आहात. मी होतो व्हिएन्नात.

रात्रपाळी
आणि ओटीपी? तो घरच्याच सिमवर येणार, म्हणून ते सिम चालू हवं, फक्त त्याचा डेटा बंद. त्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे का, आणि तिकडे आलेल्या एसएमएसला पैसे लागतात का, हे निघण्याआधी विचारून घ्या. तिकडे पोचल्यावर विचारायचं म्हटलं तर कंपनीला फोनच जोडला जात नाही.

पायपीट
एवढं सगळं करण्यापेक्षा घरच्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा ना!

रात्रपाळी
सकाळी तुम्ही दुकानातल्या सिमचे भक्त होता.

पायपीट
मी साधेपणाचा भक्त आहे. मार्ग कुठलाही असो.

मधली_सीट
@घाईघाईत, एस २३ मध्ये दोन सिमच्या जागा आणि वर ई-सिम, पण एका वेळी चालतात दोनच. तुमच्याकडे सध्या दोन्ही खाचांत सिम आहेत का?

घाईघाईत
हो, दोन्ही आहेत. एक माझं, एक ऑफिसचं. म्हणूनच तर ते चालू झालं नाही वाटतं.

मधली_सीट
‘ते’ म्हणजे कोणतं ते? तुम्ही तर अजून ठरवत होता.

घाईघाईत
बरं, सांगते. परवाच एक घेतलंय, वर लिहिलेल्या तिघांपैकी नाही, चौथ्याच कंपनीचं. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत म्हणून आधी आईच्या आयफोनवर क्यूआर कोड स्कॅन करून बघितलं, नीट जातंय ना म्हणून. गेलं. मग तिकडून काढून टाकलं. आता माझ्या फोनवर तोच कोड स्कॅन केला तर ‘कोड वापरलेला आहे’ म्हणतो. म्हणून म्हटलं, नवीन घ्यावं लागणारच आहे तर यावेळी विचारून घेऊ.

सिग्नलवेडा
अहो ताई, हे पहिल्या वाक्यात सांगायचं! हा कोड म्हणजे तिकीट नव्हे की एकाने बघून दुसऱ्याला द्यावं. स्कॅन केल्यावर सिमची माहिती त्या फोनमधल्या चिपमध्ये उतरते, आणि बहुतेकांचा कोड एकदाच चालतो. फोनमधून ‘काढून टाकलं’ म्हणजे ते पुसलं गेलं, परत खोक्यात गेलं नाही. तात्पुरतं थांबवायचं असेल तर फक्त बंद करायचं, काढायचं नाही.

ढगात
नवीन लगेच घेऊ नका. त्या कंपनीच्या मदत-चॅटमध्ये ऑर्डर क्रमांक द्या, ‘चुकीच्या फोनवर टाकलं, काढून टाकलं, डेटा वापरलेला नाही’ असं स्पष्ट लिहा. न वापरलेलं असेल तर काही जण कोड बदलून देतात. ईआयडी, म्हणजे फोनमधल्या ई-सिम चिपचा क्रमांक, विचारतील, ३२ आकड्यांचा असतो, डायलवर *#०६# टाकलं की दिसतो. तुमच्या फोनचा द्या, आईंच्या नको.

घाईघाईत
आई म्हणते, मग तिच्या फोनला काय?

ढगात
हॉटस्पॉट, नाहीतर त्यांना वेगळं. पण दोघी वेगवेगळ्या फिरणार असाल तर वेगळंच घ्या. स्टेशनवर चुकामूक झाली की हॉटस्पॉट तुमच्याबरोबर निघून जातो.

निवृत्त_प्रवासी
आमची एकदा चुकामूक झाली होती. सौभाग्यवती घड्याळाखाली अडीच तास उभ्या होत्या. दुसऱ्या घड्याळाखाली मी. तेव्हापासून दोघांचं नेट वेगळं.

पायपीट
काका, कागदावर कोणतं घड्याळ ते लिहायचं होतं.

घाईघाईत
अपडेट: कंपनीने वीस मिनिटांत नवा कोड पाठवला! ऑफिसचं सिम बंद केलं, घरच्या वायफायवर स्कॅन केलं, ई-सिम आलं. यादीत स्वित्झर्लंड आहे, मुदत तिथलं नेटवर्क लागल्यावर सुरू होणार, तेही बघितलं. आईसाठीही त्यांचंच घेतलं. तिच्या फोनवर तिचंच स्कॅन केलंय, शपथेवर सांगते.

पण आता नवीनच. दोन्ही फोनवर ‘सेवा नाही’ दाखवतंय. रोमिंग चालू केलं, फोन चार वेळा बंद-चालू केला, एपीएन (नेट जोडण्याची सेटिंग) हातानं टाकलं. फसवलं की काय? लवकर सांगा, बॅग भरायची राहिलीय.

मधली_सीट
तुम्ही आत्ता कुठे आहात?

घाईघाईत
घरी. का?

सिग्नलवेडा
ताई, ते युरोपचं आहे.

घाईघाईत
…
बॅग भरायला जाते. काका, तो बारीक पिनांचा प्लग कोणता म्हणालात, सी ना?