सुतारकामासाठी विद्युत मालवाहू व्हॅन : मध्यम आकाराची घ्यावी की मोठी?

रंधा :
नमस्कार. आमची फर्निचरची लहान कार्यशाळा आहे आणि जुनी डिझेल व्हॅन काढून विद्युत व्हॅन घ्यायचे आम्ही ठरवले आहे. आमची वाहतूक दोन प्रकारची असते : घाऊक विक्रेत्याकडून ८ फूट बाय ४ फूट मापाचे प्लायवुड आणि एमडीएफ बोर्ड आणणे, आणि तयार कपाटे किंवा त्यांचे सुटे भाग ग्राहकाकडे नेऊन बसवणे. रोजचा प्रवास शहरातल्या शहरात शंभर किलोमीटरच्या आत असतो. मात्र अधूनमधून महामार्गाने लांबच्या कामावर जावे लागते आणि तेव्हा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर होतात.

मध्यम व्हॅनमध्ये मालासाठी सुमारे ६ घनमीटर जागा मिळते, तर उंच छपराच्या मोठ्या व्हॅनमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. माझ्या भागीदाराचे म्हणणे असे की, एकदाच खर्च करायचा आहे तर मोठीच घ्यावी. मला मात्र रोज अर्धी रिकामी व्हॅन फिरवणे पटत नाही. ज्यांनी दोन्ही आकारांच्या विद्युत व्हॅन वापरल्या आहेत, त्यांनी कृपया निर्णयासाठी नेमके काय तपासावे ते सांगावे.

मालताफा :
तुमच्या प्रश्नात जागेचा उल्लेख आहे, पण वजनाचा नाही, आणि बोर्ड वाहणाऱ्याने आधी वजनच पाहिले पाहिजे. १८ मिलिमीटर जाडीच्या ८ बाय ४ एमडीएफ बोर्डाचे वजन साधारण ४० किलो भरते. असे २० बोर्ड एकावर एक ठेवले तर थप्पीची उंची जेमतेम ३६ सेंटिमीटर होते, पण वजन ८०० किलो झालेले असते. म्हणजे व्हॅन मध्यम असो वा मोठी, वरची सगळी जागा मोकळी असतानाच तुम्ही भारक्षमतेच्या मर्यादेजवळ पोहोचता.

येथेच बहुतेकांची समजूत चुकते. मोठी व्हॅन जास्त जागा देते हे खरे, पण ती जास्त वजन उचलेलच असे नाही. भारक्षमता म्हणजे वाहनाच्या एकूण अनुज्ञेय वजनातून त्याचे स्वतःचे वजन वजा केल्यावर उरणारा आकडा होय. युरोपातील बहुतेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतचेच वाहन चालवता येते. काही ठिकाणी विद्युत वाहनांना ४.२५ टनांपर्यंत सवलत आहे. अशा मर्यादेत बसवलेल्या व्हॅनचा सांगाडा लांब केला, छप्पर उंच केले आणि शिवाय मोठी बॅटरी बसवली, तर ते सर्व किलो तुमच्या मालाच्या वाट्यातून कमी होतात. त्यामुळे मोठ्या बॅटरीच्या उंच व्हॅनची भारक्षमता मध्यम व्हॅनएवढीच, क्वचित तिच्याहूनही कमी निघू शकते. म्हणून नावावरून किंवा आकारावरून अंदाज न बांधता, तुम्ही घेणार आहात त्याच लांबी-उंचीच्या आणि त्याच बॅटरीच्या आवृत्तीचा आकडा लेखी घ्यावा. त्यातून सोबतचा मदतनीस, आतले रॅक, लाकडी फरशी आणि हत्यारांच्या पेट्या वजा कराव्यात. नीट भरलेल्या कामाच्या व्हॅनमध्ये यातच २०० ते ३०० किलो सहज जातात.

मागच्या ॲक्सलवर येणाऱ्या वजनाची मर्यादा स्वतंत्र असते, हेही ध्यानात ठेवावे. एकूण वजन नियमात बसत असूनही सगळा भार मागच्या दाराजवळ रचला, तर ती ओलांडली जाते. बोर्डांची थप्पी चालकाच्या मागच्या पार्टिशनला टेकवूनच रचावी.

तयार कपाटांचे गणित याच्या अगदी उलटे असते, कारण कपाटात मुख्यतः हवाच असते आणि तेथे वजनाआधी जागा संपते. तुमच्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत जागा संपली म्हणून माल मागे राहिला, हा आकडा काढल्याशिवाय भागीदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वीजमापक :
वरील उत्तराशी मी सहमत आहे. वीजवापर आणि चार्जिंगबद्दल थोडी भर घालतो.

हवेचा रोध वाहनाच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मीटर उंचीच्या व्हॅनचे छप्पर अर्ध्या मीटरने उंच केले, तर हे क्षेत्रफळ साधारण पावपट वाढते. शहरातील संथ वाहतुकीत याचा फारसा त्रास होत नाही, कारण तेथे वाहनाचे वजन आणि थांबत-थांबत चालणे जास्त महत्त्वाचे ठरते आणि ब्रेक लावताना त्यातील काही ऊर्जा बॅटरीत परतही येते. महामार्गावर मात्र उंच छपराची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते, मग मागे माल असो वा नसो.

ढोबळमानाने मध्यम व्हॅनला १०० किलोमीटरला २५ युनिट आणि मोठ्या उंच व्हॅनला ३५ युनिट धरावेत. फोर्डच्या ई-ट्रान्झिट कस्टम या मध्यम व्हॅनची वापरता येणारी बॅटरी ६४ युनिटांची आहे, म्हणजे सुमारे २५० किलोमीटर. त्याच कंपनीची मोठी ई-ट्रान्झिट सुरुवातीला ६८ युनिटांच्या बॅटरीसह आली. तेवढ्यात मोठी व्हॅन दोनशे किलोमीटरही पुरे करणार नाही, आणि कडाक्याच्या थंडीत तर नाहीच. पुढे तिला ८९ युनिटांचा पर्याय आला आणि मर्सिडीजच्या ई-स्प्रिंटरमध्ये ११३ युनिटांपर्यंत बॅटरी मिळते. म्हणून मोठी घ्यायची असेल, तर लहान बॅटरीची मोठी व्हॅन तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रीच्या चार्जिंगची चिंता नसावी. शंभर किलोमीटरनंतर २५ किंवा ३५ युनिटच भरायचे असतात, आणि ७ किलोवॉटच्या चार्जरवर ते चार ते साडेपाच तासांत भरतात.

रंधा :
दोघांचेही मनापासून आभार. नोंदवही पाहिली, जागा संपल्याच्या फेऱ्या फारच थोड्या आहेत आणि त्या जवळपास सर्व २.१ मीटर उंचीची जोडलेली कपाटे नेतानाच्या आहेत. बाकीचे सामान आम्ही सुटे नेऊन जागेवर जोडतो. अशी कपाटे मध्यम व्हॅनमध्ये कशी न्यावीत?

मालताफा :
आडवी, पाठीवर. लांब आवृत्तीच्या मध्यम व्हॅनमध्ये मालाची फरशी अडीच ते तीन मीटर लांब असते, त्यामुळे २.१ मीटरचे कपाट दार लावून आत मावते. मात्र दोन कपाटांमध्ये जाड घोंगडी घालावी आणि पट्टे बाजूच्या कड्यांना ओढून बांधावेत. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त कपाटे जाणार नाहीत. त्या मोजक्या दिवशी दुसरी फेरी करावी किंवा मोठी व्हॅन भाड्याने घ्यावी. लांब लाकडी पट्ट्या छपरावर बांधण्याचा मोह टाळावा, त्याने हवेचा रोध वाढून मध्यम व्हॅनचा मुख्य फायदाच कमी होतो. शिवाय दोन मीटरांहून कमी उंचीची व्हॅन बऱ्याच तळघरातील वाहनतळांत जाते, आणि घरोघरी फर्निचर बसवणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

चाकांच्या कमानींमधली रुंदी मात्र स्वतः मोजावी. तुमचा बोर्ड १२२० मिलिमीटर रुंद आहे आणि काही मध्यम व्हॅनमध्ये कमानींमध्ये त्याहून केवळ एक-दोन सेंटिमीटर अधिक जागा असते. बाजूला प्लायवुडचे अस्तर लावले की तीही संपते. चाचणीसाठी व्हॅन मिळाली की खरा बोर्ड सोबत नेऊन आत सरकवून पाहावा, आणि पूर्ण भार भरून महामार्गावरच चालवून युनिटांचा आकडा टिपावा.