घराच्या व्यवहारात वकील, दलाल, नोटरी यांच्यावरच संशय आला तर? गोव्यातले अनुभव

घर विकत घेताना किंवा विकताना आपण ज्याला पैसे देऊन नेमतो त्याच्यावरच शंका येते, तेव्हा काय करायचं? वकील, दलाल, नोटरी, बँकेचा मूल्यांकनकार, कोणीही असो. या कामात रोज असणाऱ्यांनी लिहावं. आपबीती नको, नावं तर नकोतच. कुठला कागद, कुठली खिडकी, काय बिनसतं एवढं सांगा.

टायटल (मालकीचे कागद) तपासणारा, मडगाव

पहिला नियम: दलालाने दिलेली झेरॉक्स म्हणजे कागद नव्हे. दस्ताचा नोंदणी क्रमांक घ्या आणि सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित नकल स्वतः काढा. मग दोन्ही शेजारी ठेवून पानापानाने ताडा. फरक बहुधा तीनच जागी सापडतो: सर्व्हे नंबरचा उपविभाग, चौरस मीटर आणि चतुःसीमा. ‘१२/३’चं ‘१२/३-अ’ झालं की घर शेजाऱ्याचं.

मुंबई-पुण्याचे लोक सातबारा मागतात. इथे त्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, शहरी भागात फॉर्म डी. त्यातलं कब्जेदाराचं नाव म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. कुळाचा आणि ‘इतर हक्क’ हे रकाने आधी वाचा. तिथे मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर निघालं, तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ‘जागा मोकळी मिळेल’ हे दलालाचं बोलणं तिथेच संपतं. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेची) किंवा देवस्थानची जमीन असेल तर प्रश्न निराळाच.

जुन्या घरांना पोर्तुगीज काळातले डिस्क्रिप्शन (मालमत्तेच्या वर्णनाचा) आणि इन्स्क्रिप्शन (तिच्यावरच्या हक्काच्या नोंदीचा) नंबर असतात. मात्रीझ ही कराची नोंद, तेवढ्यावर भुलू नका. २०२२ साली सरकारने जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमलं, तेव्हा पोर्तुगीज काळातल्या विक्रीखतांच्या नावाने बनावट दस्त वापरल्याचं पुढे आलं. म्हणून जुना दस्त जितका देखणा, तितकी मूळ नोंदवही पाहायची घाई जास्त.

बोजा नसल्याचा दाखला जरूर काढा, पण त्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. नोटरीपुढे केलेला करार त्यात येत नाही. वकील म्हणाला ‘नील आलंय (म्हणजे दाखल्यात बोजा नाही), सगळं क्लिअर’, तर त्याने उरलेलं काम केलेलं नाही, एवढंच समजा.

दस्तलेखक, म्हापसा

वर राहिलेली एक गोष्ट: सह्या. गोव्यात कुटुंब कायदा वेगळा. नवऱ्याच्या नावावरच्या घराच्या विक्रीवरही बायकोची सही लागते, उलटही तसंच. ‘अविवाहित’ असं शपथपत्र लावून एकट्याची सही घेणं हा जुना प्रकार. विवाहनोंदणीचा दाखला मागितला की समोरचा गडबडतो. मूळ मालक वारला असेल तर वारसाहक्काचा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (कोर्टातल्या वारसांच्या वाटणीचा) निकाल हवाच, आणि त्यात लिस्बन-लंडनला गेलेल्या भावाबहिणींची नावं मोजून पाहा.

परदेशात असलेल्या मालकाच्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर (कुलमुखत्यारपत्रावर) तीन गोष्टी बघायच्या. तिथल्या नोटरीपुढे किंवा वकिलातीत केलेली आहे का, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागलाय का, आणि मालक आज हयात आहे का. मालक गेला की पॉवर संपली, मग कागद कितीही जाड असो. व्हिडिओ कॉल लावा, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरायला सांगा. उद्धट वाटेल, वाटू दे.

नोटरीवर संशय असेल तर शिक्क्याखालचा अनुक्रमांक पाहा. नोटरीने रजिस्टर ठेवायचं असतं. त्या क्रमांकाला, त्या तारखेला तुमचाच दस्त आहे का ते तपासायला सांगा. त्या जागी भाडेकरार निघाला तर पुढे बोलायला नको.

बांधकाम व्यवसायातला, पणजी

रेराबद्दल (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा) गैरसमज फार. प्रकल्पातला नवा फ्लॅट असेल तर दलालाची रेरा नोंदणी हवी, आणि बिल्डरला नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. पण जुनं पोर्तुगीज घर एका माणसाकडून घेताय, तिथे रेरा नाही. तो दलाल नुसता मध्यस्थ, त्यामुळे टोकन कधीही त्याच्या खात्यात जाऊ देऊ नका. विक्रेत्याच्याच नावाने चेक द्या आणि पावतीत सर्व्हे नंबर लिहून घ्या. विक्रेता अनिवासी निघाला, तर ५० लाखांवरचा नेहमीचा १ टक्का टीडीएस (खरेदीदाराने कापायचा कर) हा हिशेब चालत नाही. ‘बघू नंतर’ म्हणणारा सीए बदला.

फौजदारी वकील, वास्को

संशय आला की लगेच फोन करून भांडू नका. समोरचा सावध होतो आणि फाइल गायब होते.

आधी आपल्याकडची फाइल जमवा: चॅटचे स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट, पावत्या, प्रमाणित नकला. एका पानावर तारीखवार तक्ता करा: कोण, काय बोलला, किती पैसे, कुठल्या खात्यात. पोलिसांना गोष्ट नको असते, तो तक्ता हवा असतो.

चेक वटायचा असेल तर थांबवता येतो, पण कारण लेखी कळवा, नाहीतर उलट चेक न वटल्याची नोटीस येते. मामलेदाराकडे फेरफार अर्ज गेला असेल तर नोटिशीच्या मुदतीत हरकत द्या. सब-रजिस्ट्रार तुमच्या साध्या पत्रावर नोंदणी थांबवणार नाही, झालेली रद्दही करणार नाही. ते दिवाणी कोर्टाचं काम. दस्त रद्द करून घ्यायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. ‘समजुतीने मिटवू’ म्हणत ती मुदत खाल्ली जाते, हे रोजचं दृश्य.

तक्रार ठाण्यात, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेत. व्यवहार १ जुलै २०२४ आधीचा असेल तर दंड संहितेची ४२०, ४६७, ४७१ ही जुनी कलमं. नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेची ३१८, ३३८, ३४०. ठाण्यात घेतली नाही तर अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, मग मॅजिस्ट्रेट.

त्याच विषयावर, फोंड्याहून एक वकील

वकिलाविरुद्ध तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, शपथपत्रासह. ताकीद, निलंबन, सनद जाणं, हे होऊ शकतं. पैसे मात्र त्यातून वसूल होत नाहीत, त्यासाठी दिवाणी दावा. ग्राहक आयोगात जाऊ नका, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये वकिलांची सेवा त्या कायद्याबाहेर ठेवली. आणि नुसतं चुकीचं मत दिलं म्हणून फसवणूक होत नाही. विक्रेत्याकडून मिळालेले पैसे, लपवलेला दस्त, दोन्ही बाजूंची वकिली, असं काही दाखवावं लागतं.

वकील बदलताना ‘फी दिल्याशिवाय फाइल देत नाही’ असं ऐकायला मिळालं, तर घाबरायचं कारण नाही. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलंय. लेखी मागा, मिळालेल्या कागदांची यादी करा आणि यादीवर त्यांचीही सही घ्या.