जुन्या ट्रंकेतल्या नोटा : ओळखायच्या कशा, जपायच्या कशा?

मलप्रभाकाठ (खानापूर) :
नमस्कार मंडळी. घरच्या जुन्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेल्या नोटा मिळाल्यात. राजाचं चित्र असलेल्या पाचच्या आणि दहाच्या, गोव्यातल्या पोर्तुगीज अमलातल्या चार, एक रुपयाच्या काही आणि 2016 मध्ये बंद झालेल्या पाचशेच्या चौदा. बहुतेकांना घड्या आहेत, काहींना पिनेची भोकं, एकीला सेलोटेप. राजाच्या नोटांवर साल कुठंच दिसत नाही. मग वय कसं काढायचं? घड्या इस्त्रीने मोडू का? पाचशेच्या घरात ठेवल्या तर चालतात का?

टिळकवाडीकर :
इस्त्री अजिबात नको. काही नोटांची छपाई कागदावर किंचित उठलेली असते, अंगठा फिरवला की ती लागते. इस्त्रीने हा उठाव बसतो आणि कागदाची खळही जाते. धुवू तर नकाच. कपड्यांच्या साबणातलं चमक आणणारं द्रव्य कागदात उतरतं, आणि जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली जुना कागद शांत दिसायच्या ऐवजी निळसर पांढरा उजळतो. जाणकार दोन सेकंदांत ओळखतो आणि किंमत तिथंच पडते. घडी पडलेली नोट पारदर्शक पाकिटात घालून जाड पुस्तकाखाली दोन-तीन आठवडे ठेवा, तेवढं पुरे. सेलोटेप ओढू नका, टेपबरोबर छपाईचा थर येतो.

आता वय. रिझर्व्ह बँक 1935 मध्ये सुरू झाली, पण तिची पहिली नोट जानेवारी 1938 मध्ये आली, सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचं साल 2005 नंतर येऊ लागलं, त्यामुळं जुनी नोट सहीवरूनच लावायची. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. जेम्स टेलर यांची असेल तर रिझर्व्ह बँकेची नोट 1938 ते 1943 मधली. चिंतामणराव देशमुखांची असेल तर 1943 ते 1949. ते पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले, त्यामुळं मराठी संग्राहक ही सही आवर्जून शोधतात.

मग चेहरा बघा. टेलर सहीच्या पाच-दहाच्या नोटांवर राजा बाजूने दिसतो. युद्धकाळात जपान्यांनी हुबेहूब खोट्या नोटा काढल्या, म्हणून चेहरा समोरून घेतला, जलचिन्ह बदललं आणि भारतात पहिल्यांदाच कागदात सुरक्षा धागा घातला. देशमुख सहीत दोन्ही चेहरे मिळतात, तेव्हा ते वेगवेगळे लावा.

एक रुपयाचं शास्त्र निराळं. ती भारत सरकारची नोट, सही वित्त सचिवांची, आणि धारकाला रक्कम देण्याचं वचन तिच्यावर नसतं. तिच्यावर बहुधा साल मिळेल. क्रमांकाच्या चौकटीतलं छोटं अक्षर, ज्याला आपण इनसेट म्हणतो, तेही टिपून ठेवा. सही तीच असून अक्षर बदललं की संग्राहकांच्या लेखी नोट वेगळी.

वेदगंगा (निपाणी) :
पाचशेच्या चौदा ठेवता येतील, पण संग्रह म्हणूनच. 2017 च्या कायद्याप्रमाणे बंद झालेल्या पाचशे-हजारच्या मिळून दहापर्यंत नोटा कुणीही बाळगू शकतो, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापुढं गेलं तर दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त तो. चौदाच्या चौदा एकसारख्या असतील तर वेगळ्या मालिका आणि वेगळ्या सह्यांच्या तेवढ्या निवडा की, संग्रह म्हणून त्याच शोभतात.

गोव्याच्या नोटांबद्दल. वर बँको नासिओनाल उल्त्रामारिनो असं नाव असेल. 1959 पर्यंत तिथं रुपिया चालत, 1 रुपिया म्हणजे 16 तांगा. 1959 मध्ये एस्कुदो आले, दर 1 रुपियाला 6 एस्कुदो. म्हणून 30, 60, 300, 600 असे विचित्र वाटणारे आकडे दिसतात, ते 5, 10, 50 आणि 100 रुपियाच्या जागी आले. डिसेंबर 1961 नंतर हे चलन गेलं. चोर्ला आणि अनमोड घाटातून व्यापार चालायचा, त्यामुळं खानापूर भागातल्या जुन्या घरांत अशा नोटा निघण्यात नवल नाही. कोणाकडून, कोणत्या व्यवहारात आल्या हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी नोटेबरोबर ठेवा, नोटेवर पेन लावू नका.

मलप्रभाकाठ :
धन्यवाद दोघांनाही. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर होतात. साधा फोटो अल्बम चालेल का?

टिळकवाडीकर :
नाही चालणार. साध्या अल्बममधलं पीव्हीसी प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं, त्यातून आम्ल सुटतं आणि नोट पानाला धरते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा, दुकानदाराला पीव्हीसी नको असं स्पष्ट सांगा. लॅमिनेशन तर कधीच नको. नोटा पाकिटांत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत निळ्या दाण्यांची सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की बाहेर काढून गरम करायचे, परत निळे होतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. डांबराच्या गोळ्या टाकू नका, वाफेने प्लास्टिक खराब होतं. आणि नोटा उन्हातही वाळत घालू नका, शाई उडते.

वेदगंगा (निपाणी) :
एक राहिलंच. 786 क्रमांकाची किंवा ट्रॅक्टरवाली पाचची नोट लाखांना घेतो म्हणून फोन येतात आणि आधी कमिशन किंवा कर भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. असल्या व्यवहारात आपण नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही, असं बँकेनं 2021 मध्ये जाहीर केलंय.