शिक्षकपदाची मुलाखत आणि नमुना पाठ: त्या दिवसाची तयारी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. येत्या सोमवारी गणित शिक्षकपदासाठी माझी मुलाखत आहे. आधी अकरा-बारा वर्षांच्या मुलांसमोर पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा असून ‘भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज’ हा घटक दिला आहे. त्यानंतर निवड समितीशी बोलणे होईल. मागच्या वेळी पूर्ण तासिकेचे टाचण पंधरा मिनिटांत बसवण्याच्या नादात मी इतक्या घाईने बोलत गेले, की मुलांना काय समजले हे विचारायलाही वेळ उरला नाही. विषयाची भीती नाही, पण त्या दिवसाचे नियोजन कसे करावे हे उमगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे निवड समितीवर बसलो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो. उमेदवाराला गणित येते हे प्रमाणपत्रांवरून आम्हाला आधीच कळलेले असते. नमुना पाठात आम्ही पाहतो ते एवढेच, की मुलाने अनपेक्षित उत्तर दिल्यावर हा माणूस काय करतो. बहुतेक जण चुकीचे उत्तर ऐकले न ऐकले करून पुढच्या हाताकडे वळतात, आणि पाठ तिथेच पडतो.

म्हणून उद्दिष्ट एकच ठेवा आणि पाठ दहा मिनिटांचाच बसवा. उरलेली पाच मिनिटे मुलांची आहेत. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये केलेल्या निरीक्षणांत असे आढळले होते, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक येतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात; समिती मागच्या बाकावर बसलेली असताना ते फार लांबतात, हेही खरे. घरी घड्याळ लावून त्या शांततेचा सराव करा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, मात्र अनपेक्षित उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा ते आपणच वर्गात आणावे असे मला वाटते. या घटकात ते हमखास ठाऊक असते: १/२ आणि १/३ यांची बेरीज मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ अशी करतात. हे फळ्यावर लिहा, चूक आहे असे म्हणू नका, आणि एवढेच विचारा की २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान. ते लहान आहे. म्हणजे अर्ध्यात काहीतरी मिळवूनही उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आले. हा घोटाळा मुलांनाच पकडू द्या. त्यानंतर एकाच आकाराच्या दोन पट्ट्यांचे सहा-सहा समान भाग करून ३/६ व २/६ दाखवले, की ५/६ हे उत्तर आणि समान छेदाची गरज दोन्ही एकदमच पुढे येतात. लसाविची रीत या पंधरा मिनिटांत आणूच नका.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. मी लसाविपासूनच सुरुवात करणार होते! एक शंका आहे: पाठ फसलाच, तर मुलाखतीत त्याविषयी आपणहून बोलावे का?

प्रतिसाद १

अवश्य बोलावे. ‘पाठ कसा झाला असे वाटते?’ हा प्रश्न बहुधा येतोच, आणि ‘छान झाला’ या उत्तराने आमच्या हाती काही लागत नाही. कोणत्या क्षणी वर्ग हातातून सुटला, तो कशामुळे सुटला आणि उद्या हाच पाठ पुन्हा घेतला तर काय बदलाल, हे तीन-चार वाक्यांत सांगता आले, तर फसलेला पाठही उमेदवाराच्या बाजूने उभा राहतो. सबबी मात्र नकोत, विशेषतः मुलांवर ढकललेल्या.

प्रतिसाद ३

थोडे व्यवहाराचे. मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा, टाचणाच्या चार-पाच छापील प्रती समितीसाठी न्या, आणि प्रोजेक्टर चालणार नाही असे गृहीत धरून कागदी पट्ट्या सोबत ठेवा. वर्गात किती मुले असतील आणि फळा खडूचा आहे की मार्करचा, हे शाळेला आधीच दूरध्वनी करून विचारण्यात संकोच बाळगू नये. नवे पादत्राण त्या दिवशी प्रथमच घालू नका. मी घातले होते, आणि संपूर्ण पाठ एका जागी उभे राहून घेतला. समितीने ‘वर्गात फिरत नाहीत’ असा शेरा दिला.