अपाची सोलर: शोधाच्या पेटीतच ‘जवळ:’ चालवायचं आहे

प्रश्न (शोधपेटी)
सोलर ९ (शोधासाठीचं सर्व्हर सॉफ्टवेअर), दुकानांचा इंडेक्स, जागेचं फील्ड लॅटलॉनपॉइंटस्पेशियलफील्ड प्रकारचं. वापरणाऱ्याने «मिसळ जवळ:१८.५२,७३.८५,५» असं लिहिलं की ५ किमीच्या आतली दुकानं यायला हवीत. एडिसमॅक्सला (सोलरचा, शोधलेला मजकूर वाचून क्वेरी बनवणारा पार्सर) ‘जवळ’ नावाचं फील्ड सापडत नाही, मग तो अख्खा तुकडा साधा मजकूर धरतो आणि निकाल शून्य. स्वतःचा क्वेरी पार्सर लिहावा का? जवळचं आधी असा क्रमही पाहिजे.

उत्तर (बिंदुसर)
लिहा, पण एडिसमॅक्सच्या व्याकरणात हात घालू नका. क्यूपार्सरप्लगइन एक्स्टेंड करून पार्समध्ये रेजेक्सने (मजकुरातला नमुना ओळखणारी सूत्रं) ‘जवळ:’चा तुकडा आधी कापा, उरलेला मजकूर सबक्वेरीने एडिसमॅक्सकडे पाठवा. मग बूलियनक्वेरीत (अनेक अटी जोडणारी क्वेरी) मजकूर मस्ट (जुळायलाच हवा, स्कोअरमध्ये धरतात), अंतर फिल्टर (जुळायलाच हवं, पण स्कोअरमध्ये धरत नाहीत). अंतरही मस्ट ठेवलं तर क्रम तोच राहतो, पण प्रत्येकाच्या स्कोअरमध्ये उगाच भर पडते.

कोणी नुसतं «जवळ:…» लिहिलं तर मागे मजकूर उरत नाही. क्यू डॉट ऑल्ट (मजकूर नसताना चालवायची पर्यायी क्वेरी) दिलेलं नसेल तर एडिसमॅक्स नल परत करतो आणि बूलियनक्वेरीत टाकताना नलपॉइंटर. तिथे मॅचऑलडॉक्स (सगळी डॉक्युमेंट जुळवणारी क्वेरी) घाला.

एककं सांभाळा. जिओफिल्टचा (सोलरचा अंतराचा फिल्टर) डी, म्हणजे त्रिज्या, किलोमीटरमध्ये असतो, पण सोलरच्या आतल्या लुसीन लायब्ररीचं न्यूडिस्टन्सक्वेरी थेट बोलावलं तर मीटर लागतात. ५ दिले की ५ मीटरचं वर्तुळ, आणि तुम्ही इंडेक्सला दोष देत बसता.

अक्षांश-रेखांश उलटे पडले तर एरर येईल या भरवशावर राहू नका. अक्षांशाची मर्यादा ९०, महाराष्ट्राचे रेखांश ७२ ते ८१. त्यामुळे ७३.८५,१८.५२ बिनबोभाट चालतं आणि मिसळ नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात शोधली जाते. जिओजेसनमधून (नकाशाच्या डेटाचा एक फॉरमॅट) डेटा भरत असाल तर तिथे रेखांश आधी असतो, घोळ बहुधा तिथलाच.

उत्तर (कॅशवाला)
क्रम पाहिजे असेल तर पार्सर ही चुकीची जागा आहे. जिओडिस्ट हे अंतर मोजणारं फंक्शन पीटी (बिंदू) आणि एसफील्ड (जागेचं फील्ड) रिक्वेस्टच्या पॅरामीटरमधून घेतं; तुमच्या पार्सरने आत काय वाचलं ते त्याला कळत नाही. क्वेरी कंपोनंटच्या आधी चालणारा सर्च कंपोनंट लिहा. त्याच्या प्रिपेअरमध्ये ‘जवळ:’ कापून क्यू, पीटी, एसफील्ड, डी भरा, एफक्यूमध्ये (फिल्टर क्वेरी) जिओफिल्ट जोडा, सॉर्ट जिओडिस्ट चढता.

मात्र त्या एफक्यूला कॅश=फॉल्स द्याच. प्रत्येकाचा बिंदू वेगळा, म्हणजे कॅशमधली तीच नोंद पुन्हा क्वचितच लागते. १ कोटी डॉक्युमेंटचा बिटसेट (दर डॉक्युमेंटला एक बिट) सव्वा एमबी. अशा ५१२ नोंदी साचल्या की ६४० एमबी हीप (जावाची मेमरी) गेलाच. कॅश ठेवायचाच असेल तर बिंदू ३ दशांशांवर आणा. कडेला फार तर ८० मीटर इकडेतिकडे, मिसळीसाठी चालतं.

उत्तर (अक्षरजुळणी)
मराठी कीबोर्डचं कोणी बोललं नाही. जावाच्या रेजेक्समधला ‘बॅकस्लॅश डी’ देवनागरी अंक पकडत नाही, युनिकोडचा फ्लॅग द्यावा लागतो. तो दिला तरी पुढे पार्सडबल नंबरफॉरमॅट एरर फेकतं. गंमत म्हणजे पार्सइंट ‘५’ नीट वाचतं, त्यामुळे नुसत्या पूर्णांकावर टेस्ट केली तर सगळं हिरवं दिसतं. अंक आधीच बदलून घ्या. आणि ‘जवळ’पुढे पुष्कळ जण कोलनऐवजी विसर्ग टाकतात, स्क्रीनवर फरक कळत नाही, रेजेक्सला कळतो. दोन्ही चालवून घ्या.

शोधपेटी
कंपोनंटने क्रम बसला. नुसत्या «जवळ:»साठी क्यूमध्ये *:* भरलं. लॉग उघडला तर शून्य निकालांच्या बऱ्याच ओळींत खरंच विसर्ग आहे.