लघवीचे इलेक्ट्रॉनिक मापन: इनटेक-आउटपुट चार्ट हाताने लिहिणे थांबवता येईल का?

प्रश्न (परिचारिका, अतिदक्षता विभाग)

आमच्या बारा खाटांच्या विभागात इनटेक-आउटपुट चार्ट (रुग्णाच्या शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद) हाताने भरला जातो. युरोमीटर (लघवी मोजायचे खुणांचे भांडे) दर तासाला वाचावे असा नियम असला, तरी रात्रपाळीत एकेका सिस्टरकडे तीन रुग्ण असताना चार तासांचे आकडे एकदमच लिहिले जातात. कॅथेटरला (मूत्राशयात घातलेल्या नळीला) जोडून लघवी आपोआप मोजणारी उपकरणे घेण्याचा व्यवस्थापनाचा विचार आहे. ती आल्यावर हाताने लिहिणे थांबवता येईल का, आणि ती सर्व खाटांना लागतील का?

उत्तर (अतिदक्षता तज्ज्ञ)

सिस्टर, या उपकरणाचा खरा उपयोग चोवीस तासांच्या बेरजेसाठी नसून लघवीतील घसरण वेळेत कळण्यासाठी आहे. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार लघवी प्रति किलो तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी, म्हणजे ६० किलोच्या रुग्णात तासाला ३० मिलीपेक्षा कमी, अशी सलग सहा तास राहिली तर ती मूत्रपिंडाच्या तीव्र इजेची पहिली पायरी धरली जाते आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) अनेकदा त्यानंतरच वाढते. चार तासांची १६० मिली एकदम लिहिली की सरासरी ४० दिसते. ती प्रत्यक्षात ९०, ४०, २०, १० अशी उतरत गेली असेल, तर चार्ट पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. डेंग्यूमध्ये प्लाझ्मा गळतीच्या (रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपण्याच्या) २४ ते ४८ तासांत सलाईनचा वेग सतत बदलावा लागतो, कारण द्रव कमी पडला तर शॉक आणि जास्त झाला तर फुप्फुसाभोवती पाणी, अशी दोन्हीकडून कोंडी असते. तेव्हा असे रुग्ण आणि सेप्टिक शॉकचे (गंभीर संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेले) रुग्ण यांच्यापुरती उपकरणे घ्यावीत. सर्व खाटांना ती लावणे मला अनाठायी वाटते.

उत्तर (बायोमेडिकल अभियंता)

यांतील काही उपकरणे वजनावर चालतात, कारण एक मिली लघवीचे वजन साधारण एक ग्रॅम असते. त्यामुळे पिशवीला धक्का लागला किंवा तिच्यावर चादर टेकली तरी आकडा हलतो. मात्र कोणत्याही पद्धतीत मोठी अडचण नळीची असते. नळीला झोळ पडला की लघवी तिथेच साचते, उपकरण शून्य दाखवते आणि कूस बदलताच शंभर मिली एकदम उतरते. म्हणून अलार्म वाजल्यावर डॉक्टरांना फोन करण्याआधी नळी पाहावी. शरीरात जाणाऱ्या द्रवाच्या बाजूला सिरिंज पंप (ठरावीक वेगाने औषध देणारे यंत्र) आपला हिशेब ठेवतो. परंतु अँटिबायोटिकची १०० मिलीची बाटली, फ्लश (नळी साफ ठेवण्यासाठी सोडलेला द्रव) आणि राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) दिलेले पाणी नोंदवायला माणूसच लागतो. खरेदीपूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा: आकडे तुमच्या रुग्णालयाच्या संगणकप्रणालीत जातील का, आणि प्रत्येक रुग्णामागे बदलावा लागणारा संच केवढ्याला पडेल.

उत्तर (मूत्रपिंडविकार तज्ज्ञ)

वरील दोन्ही मतांशी सहमत आहे; फक्त यंत्राच्या बेरजेला कोणी शरीरातील पाण्याची शिल्लक म्हणू नये. त्वचा आणि श्वासावाटे प्रौढ रुग्णाचे दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली पाणी जाते, तापात किंवा भाजलेल्या रुग्णात त्याहून अधिक, आणि ते कोणत्याही नळीतून जात नाही. जुलाबाचे डायपर वजन करूनच धरावे लागतात. म्हणून रोज ठरावीक वेळी रुग्णाचे वजन घ्या. एका दिवसात दोन किलो वाढले आणि चार्ट आत-बाहेरचा फरक शून्य दाखवत असेल, तर वजनाची पुन्हा खात्री करून चार्ट तपासावा. डायलिसिसवरील ज्या रुग्णाला लघवी होतच नाही त्याला या यंत्राचा उपयोग नाही. आणखी एक सांगतो: लघवी मोजता यावी एवढ्याचसाठी कॅथेटर ठेवू नये, कारण तो जितके दिवस राहतो तितका मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्नकर्त्या परिचारिका

सर्वांचे आभार. चार उपकरणे आणि वजन दाखवणाऱ्या दोन खाटा असा प्रस्ताव व्यवस्थापनाला देत आहे. हाताने भरायचा चार्ट तूर्त चालू राहील. त्यातील तासागणिक लघवीचा रकाना मात्र या चार खाटांपुरता यंत्रावरून भरला जाईल.